डाव्या सीटवरचं पोतं

लाल गाडी घरी आली त्या दिवसापासून मी जळायला लागले. लपवण्यात अर्थ नाही, कारण सासूबाईंनी ते त्याच दिवशी सगळ्या गल्लीसमोर सांगून टाकलं. नवऱ्यानं पुण्याच्या एका माणसाकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती, दोन दारांची आणि दोनच सीटांची. ट्रकवरून ती उतरत होती तेव्हा तो तिला मागून हात लावून चालला होता. सासूबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "घे वो माय, आली तुही सवत." सगळे हसले. मीही हसले, आत गेले, चहाचं आधण ठेवलं आणि त्यात दोनदा साखर टाकली.

समोर मी नवऱ्याला अहो-जाहोच करते. इथे मात्र 'तो'च लिहिणार आहे. तेवढा राग अजून शिल्लक आहे.

अमरावतीत त्याचं टाइल्सचं दुकान आहे आणि मी एका शाळेत गणित शिकवते. आमच्याकडे एक पांढरी गाडीही आहे, चार दारांची, जिच्यात सगळं घर मावतं. त्या गाडीतून मी बाजूला बसलेली असताना तो गतिरोधकावरून सरळ जातो. माझं डोकं छताला लागतं, पिशवीतली कोथिंबीर पायाशी सांडते, तो फोनवर भावतोल बोलत असतो. लाल गाडी घेऊन निघाला की मात्र गल्लीच्या तोंडच्या गतिरोधकाच्या अलीकडे थांबतो, गाडी तिरपी करतो आणि एकेक चाक सावकाश वर चढवतो, एकेक चाक सावकाश खाली उतरवतो. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून शिव्या देतात. एकदा मी विचारलं, एवढं काय? तर म्हणाला, "तिले लागते ना खालून."

मला त्या गाडीत बसायचं होतं. इतकीच गोष्ट होती, आणि ती मी दोनतीनदा तोंडानं सांगितलीही होती. दोनच सीटा, एक त्याची, मग दुसरी कोणाची असायला हवी? त्याचं उत्तर ठरलेलं. "थांब ना. सस्पेन्शन होऊ दे. मंग तुले चिखलदऱ्याले नेतो."

सस्पेन्शन हा शब्द त्या वर्षी आमच्या घरात मीठ-तिखटासारखा रोज लागायचा. धक्के झेलणारे जुने शॉक ॲब्सॉर्बर तेल गाळत होते. त्यांच्या जागी नवे बसवायचे होते, स्प्रिंग आणि शॉक एकातच असलेले, ज्यांच्यावरचे आटे फिरवले की गाडी वरखाली होते आणि डोक्यावरचं बटण फिरवलं की नरम-कडक होते. वर्षातून एकदा तो दक्षिणेतल्या एका रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवायला जाणार होता. तिथे गाडी कडक पाहिजे आणि आपल्या रस्त्यांवर नरम. जेवताना त्यानं मला ताट तिरपं करून दाखवलं. "वळणावर गाडी अशी कलते," म्हणाला, आणि वरण ताटाच्या काठावरून मांडीवर सांडलं. "नवीन सस्पेन्शन लावलं का नाही कलत." पायजमा धुवायचा मलाच होता.

हे सगळं करणार होता त्याचा अकोल्याचा मित्र. दोघं कॉलेजात बरोबर होते. मित्रानं शिक्षण अर्ध्यात सोडलं आणि गाड्यांचं गॅरेज टाकलं. गळ्यात चांदीची साखळी, उन्हात-सावलीत काळा चष्मा, तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. नवरा त्याच्याशी फोनवर जितका बोलतो तितका माझ्याशी साखरपुडा ते लग्न या काळातसुद्धा बोलला नव्हता. एका रविवारी हा मित्र अमरावतीला आला. गाडी डोलते कशी ते बघायचं म्हणून दोघं मोझरीपर्यंत जाऊन आले. मी साडी नेसून तयार होते. तिथल्या गुरुकुंज आश्रमात नमस्कार करून येऊ असं मी आदल्या दिवशीच म्हटलं होतं. डाव्या सीटवर काळा चष्मा बसला आणि माझ्याकडे बघून त्यानं हात हलवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नवे शॉक आले तेव्हा गाडी अकोल्याला गेली. माझं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात. शाळेला सुट्टी लागली होती, मी चार दिवस आईकडे गेले. आणि दुसऱ्या दिवशी, भाजी आणते असं सांगून, मोर्णा नदीच्या पुलावरून रिक्षानं थेट गॅरेजवर गेले. काय बघायला गेले ते मला विचारू नका. सवतीचं घर कसं आहे हे बघायला माणूस जातंच.

मित्र भेटला. "या वहिनी, या. बरोब्बर टायमावर आल्या. तुमची गाडी काट्यावर चढवली हाये."

चारही चाकांखाली चार सपाट वजनकाटे होते आणि भिंतीशी टेकवलेल्या पडद्यावर चार आकडे. काट्याचं मला अप्रूप नाही. वऱ्हाडात कापूस पिकतो तिथं काटा सगळ्यांनाच कळतो. पण गाडीच्या आत बघितलं आणि मी थांबले. उजव्या सीटवर वाळूच्या पिशव्या रचल्या होत्या. डाव्या सीटवर सरकीच्या ढेपेचं पोतं बसवलं होतं. चांगला बेल्ट लावून. त्याच्या मांडीवर, मांडी म्हणायची तर, मिठाचे दोन पुडे.

"हे काय हो?"

"माणसं बसल्यावानी वजन ठेवा लागते, वहिनी. तवाच कोन्त्या चाकावर किती भार येते ते समजते. उजवीकडं भाऊ. डावीकडं बाजूवाली. भाऊनं फोनवर सांगतलं, बाजूवालीचं वजन बावन्न धर. पोतं पन्नासचं, मीठ दोन किलो. झाले बावन्न."

माझं वजन सदुसष्ट आहे. शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा नर्सनं ते अख्ख्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं.

मी "छान," म्हणाले आणि रिक्षात बसले. भाजी आणायची राहिलीच.

बाजूवाली. बाजूवाला नाही. म्हणजे काळा चष्मा सुटला. मग कोण? गणिताच्या बाईला एकदा आकडा मिळाला की ती स्वस्थ बसत नाही. आईच्या घरच्या पलंगावर पडल्या पडल्या मी ओळखीतली एकेक बाई मनातल्या मनात काट्यावर चढवली. दुकानात हिशेब लिहायला येणारी पोरगी पंचेचाळीसच्या वर जात नव्हती. त्याची मामेबहीण सत्तरच्या खाली येत नव्हती. शेवटी एक सापडली. या गाडीनंच त्याची कंबर धरली होती, म्हणून तो सकाळी योगाच्या वर्गाला जायला लागला होता. तिथली शिकवणारी बाई सडपातळ, उंच, वेणी कंबरेपर्यंत. बावन्न. ग्रॅमचासुद्धा फरक नाही. ती त्या सीटवर कशी बसेल, पाय कसे दुमडेल, घाटात केस कसे उडतील, सगळं मला दिसायला लागलं. आईनं विचारलं, "काहून तोंड पाडून बसली वो?" मी म्हटलं, डोकं दुखते.

दुसऱ्या दिवशी नवरा रेल्वेनं अकोल्याला आला, गाडी घ्यायला. मी त्याच्या आधी गॅरेजवर हजर. त्यानं मला बघून विचारलंसुद्धा नाही की तू इथे कशी. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग मी विचारलं.

"बावन्न किलोची कोण हाय?"

"कोण म्हंजे?" तो म्हणाला. "तू."

मित्र एकदम चाकामागे जाऊन बसला. काही नसलेलं शोधायला लागला.

"माहं वजन सदुसष्ट हाये."

तो माझ्याकडे बघायला लागला. खरंच बघायला लागला, डोक्यापासून पायापर्यंत. आणि अगदी मनापासून विचारलं, "कवापासून?"

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "तेल्हाऱ्याले काट्यावर बावन्न भरली होती ना तू."

तेव्हा मला आठवलं. लग्नानंतरचा पहिला कापसाचा हंगाम. तेल्हाऱ्याजवळ सासऱ्यांची काळी जमीन आहे. अंगणात मोठा काटा लावला होता, वेचणीच्या बाया आपापली गाठोडी घेऊन रांगेत उभ्या होत्या. शेवटचं गाठोडं मोजून झालं आणि त्यानं सगळ्यांसमोर मला हात धरून काट्यावर उभं केलं. मी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. कापसाचं वजन पुकारतात तशाच सुरात तो ओरडला, "बावन्न!" बाया पोट धरून हसल्या. एक म्हणाली, पाटीलबुवा, माल कमी भरला. मी लाजून खाली उडी मारली आणि पायाला कापूस चिकटला.

मला आधी एकदम हलकं वाटलं. योगाच्या बाईची मनातल्या मनात माफी मागितली. मग राग आला. हळूहळू नाही, एकदम. या माणसाला गाडीचा मागचा एक स्प्रिंग बोटभर बसला तर चालवता चालवता कळतं. दार लावल्याच्या आवाजावरून रबर झिजलं हे कळतं. आणि मी पंधरा किलोनं वाढले, एक बाळंतपण झालं, गुडघा धरला, चष्मा लागला, तरी त्याच्या हिशेबात मी अजून कापसाच्या काट्यावर उभी.

"पोतं काढा," मी मित्राला म्हटलं.

"वहिनी, पोत्यानं बी चालते..."

"काढा म्हटलं ना."

पोतं निघालं. मीठ निघालं. सीट जमिनीला इतकी टेकलेली की बसताना गुडघा कडकड वाजला. मी बेल्ट लावला. पडद्यावरचे आकडे बदलले आणि मित्र म्हणाला, "हलू नका." मग दोघं डाव्या चाकाशी उकिडवे बसले, पाना लावून आटे फिरवायला लागले. नवरा आकड्याकडे बघायचा, मग चाकाकडे, मग परत आकड्याकडे. कपाळावर आठी, ओठ दाबलेले. दुकानात, देवळात, आमच्या लग्नात, कुठंच मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. तो माझ्या वजनाबद्दल होता आणि मला तो आवडला. लाजही वाटली.

सगळं जुळल्यावर मित्र उठला. "भाऊ, एक गोष्ट. नरम-कडक त तुमी बटणानं करानच. पण हे वजन आता दोघांचं लावलं. ट्रॅकले एकट्यानं पळवाची असंन त परत सगळं उलटं फिरवा लागंन. दोन्ही एकाच येळी नाही होत."

नवऱ्यानं विचार केला. मला तो विचार दिसला, चांगला लांबलचक होता, आणि तो मी अजून विसरलेले नाही. मग तो म्हणाला, "राहू दे असंच."

पुढच्या आठवड्यात आम्ही चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्यात त्यानं गतिरोधकावर गाडी तिरपी केली, एकेक चाक सावकाश. मी विचारलं, हे तिच्यासाठी की माझ्यासाठी? "दोघींसाठी," म्हणाला आणि हसला. घाटात गाडी खरंच कलली नाही. वळणामागून वळण येत होतं आणि ती रस्त्याला धरून होती. तो म्हणाला, "पाह्य, कशी बसली." मला माहीत होतं तो गाडीबद्दल बोलतोय. तरी मी जरा ताठ बसले.

गाडीशी माझं आता बरं चाललं आहे. रविवारी कधी कधी मी तिला धुतेही. पोटात दुखतं ते दुसरीच्या नावानं, त्या तेल्हाऱ्याच्या बावन्न किलोच्या पोरीच्या, जिच्या पायाला कापूस चिकटला होता. इतकी वर्षं ती त्याच्या बाजूला बेल्ट लावून बसली होती. मला तिथं बसायला काट्यावर चढावं लागलं.