गादीवाल्या चाचांची हरकत

नांदेड-लातूर रस्त्यावर एक गाव आहे. नाव सांगणार नाही, मला अजून तिथं धंदा करायचाय. मी प्लॉटवाला. लोक दलाल म्हणतात, माझ्या कार्डावर ‘सल्लागार’ छापलंय. भोकरपासून रेणापूरपर्यंत असा एक बांध दाखवा, ज्यावर बसून मी तंबाखू मळलेली नाही. शिवाय आमच्या धंदेवाल्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, तो मीच चालवतो. एनएचा, म्हणजे बिगरशेतीचा नियम बदलला, गुंठ्याची रजिस्ट्री चालू झाली की बंद पडली, कुठल्या गटावर आरक्षण आलं, सगळं सकाळच्या चहाआधी ग्रुपवर टाकतो. मुंबईतून परिपत्रक निघण्याआधी तिथले साहेब माझा ग्रुप उघडून आपलं शुद्धलेखन तपासून घेतात, असं मी सांगतो. आजवर मला कुणी खोटं पाडलेलं नाही.

तर त्या गावाचा नवा विकास आराखडा लागला. पालिकेच्या भिंतीवर नकाशा टांगला. एवढा मोठा, की एक बाई त्याला मांडवाचं कापड समजून लग्न कुणाचं म्हणून विचारून गेली. पिवळा रंग राहत्या घरांचा, हिरवा शेतीचा, आणि लाल रेघा म्हणजे नवे रस्ते. त्यातली एक लाल रेघ गादीवाल्या चाचांच्या घरातून जात होती. कडेनं गेली असती तरी मी गप्प बसलो असतो. ही पुढच्या दारानं आत शिरून मोरीतून बाहेर पडत होती.

चाचांचं घर म्हणजे पुढं कापूस पिंजायची मशीन आणि मागं दोन खोल्या. आधी चाचा गाद्या भरायचे, आता लेक भरतो. चाकूरपर्यंत ज्याला गाढ झोप लागते, ती चाचांच्या कापसावर. घर गेलं तर मशीन गेली, मशीन गेली तर लेकाचा हात रिकामा. दुसरी जागा नव्हती.

उपाय मात्र होता. घराच्या मागून जुनी पाणंद जाते, गावनकाशात तिची नोंद आहे. रस्ता तिथून वळवला तर कुणाची वीटसुद्धा हलत नाही. तसा अर्ज मी लिहून दिला. फुकट दिला, पण हे ग्रुपवर कुणी सांगू नये, नाहीतर सगळा तालुका माझ्या दारात उभा राहील.

अडचण सुनावणीची होती. तिथं अर्जदारानं स्वतः जायचं, तोंडानं सांगायचं, आणि समोर जे टाइप होईल त्याच्यावर सही करायची. सही झाली की समितीच्या अहवालात तेच जातं. मग मागं फिरायला वाट नाही. म्हणून सकाळपासून चहाच्या टपरीवर मी चाचांकडून एकच वाक्य घोकून घेतलं, “रस्ता पाणंदीवरून न्या.” चाचा टोपी नीट करत ते पुटपुटत राहिले. चहा तसाच निवला.

नाव पुकारलं. मी बरोबर निघालो, तर शिपायानं दारात हात आडवा घातला.

“एजंट बाहेर.”

“मी सल्लागार हाय.”

“मग सल्लागार बाहेर.”

दार लागलं. मी वळसा घालून मागच्या खिडकीशी गेलो. खाली घाणेरीचं रान माजलेलं. त्यात त्या दिवशी किमान एक अजगर होता, पण मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. गजांना धरून आत पाहिलं. टेबलामागं समितीचे साहेब, पुण्याकडचे, चष्मा नाकाच्या टोकावर. बाजूला कॉम्प्युटरवर कारकून. समोर चाचा, हात पोटावर बांधून.

साहेबांनी अर्जाचं पान उलटलं आणि विचारलं, “बोला, तुमची हरकत काय आहे?”

चाचांशी बोलताना मी कायम ‘अर्ज’ म्हणालो होतो. हरकत हा शब्द माझ्या तोंडून एकदाही गेला नव्हता. कागदावरच्या मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, पण चाचांच्या घरातल्या बोलीत हरकत म्हणजे खोडी, वात्रटपणा.

चाचांचा चेहरा उतरला. “मेरी कायकी हरकत, साब? पूरी बस्ती में पूछ लेव. आज तलक एक हरकत नै करा मैं.”

“म्हणजे हरकत नाही?”

“बिलकुल नै, साब.”

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनाची बोटं चालली. प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला आणि चाचांपुढं सरकला. “इथं सही करा.”

मी गजांतून दोन्ही हात हलवले. चाचांनी मला पाहिलं, मान डोलावली आणि पेन उचललं. त्यांना वाटलं, मी ‘करा, करा’ म्हणून राहिलोय.

ओरडलो असतो तर शिपायानं फाटकाबाहेर घातलं असतं आणि चाचा आणखी घाबरले असते. मी फोन लावला. आत कोंबडा आरवला, चाचांच्या फोनचा आवाज तसाच आहे. त्यांनी ओशाळून फोन कापला आणि पेन पुन्हा कागदाला टेकवलं. मी परत लावला. परत कोंबडा.

“एकदाचा घ्या तो फोन,” साहेब वैतागले.

“प्लॉटवाले, मैं साब के सामने हूँ,” चाचा कुजबुजले.

“चाचा, सही नका करू. हरकत म्हंजे खोडी न्हाई. साहेब एतराज विचारून राहिलेत, एतराज.”

चाचांनी फोन खिशात ठेवला. पेन टेबलावर ठेवलं. एवढी शांतता झाली, की घाणेरीतल्या अजगरानंही श्वास रोखला.

“साब, हरकत मेरी कोई नै,” चाचा म्हणाले. “लेकिन एतराज हय. लई एतराज हय.”

“साहेब, नोंद झालीय,” कारकून म्हणाला. “पुढचं नाव घेऊ का?”

“आत्ता तर नाही म्हणालात,” साहेब चाचांना म्हणाले.

“हमारे घर में हरकत बच्चे करते, साब. मैं पोतेवाला दादा हूँ. मैं कायकू करूं?”

साहेबांनी चष्मा काढला. कारकुनाकडं वळले. “हे काय म्हणतायत?”

कारकून उदगीरकडचा. त्यानं खाली बघत ओठ दाबले. “आमच्याकडं तसं म्हणतात साहेब. हरकत म्हंजे... खोड्या.”

साहेबांनी कागदाकडं पाहिलं. सहीची जागा कोरी होती. मग त्यांनी तो कागद उचलला, आडवा फाडला आणि बाजूला ठेवला. “बरं. तुमचा एतराज सांगा.”

आणि चाचा टोपी नीट करायला लागले. सकाळपासून घोकलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. मी तोंड हलवून ‘पाणंद’ म्हणत होतो, पण बाहेरून ते जांभई दिल्यासारखं दिसत असणार.

“रस्ता... पीछे से लेव, साब,” चाचा शेवटी म्हणाले. “पाणंद हय उधर. सामने मेरी मशीन हय, घर हय. वो रैने देव.”

साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं, पाणंदीपाशी थांबवलं. “समिती बघेल,” एवढंच म्हणाले. नवा कागद निघाला. चाचांनी तो वाचून घेतला, मग पुन्हा वाचून घेतला, आणि सही केली.

त्यानंतर नुसतं थांबणं. पाऊस लागला. चाचांच्या मशीनवरचा पत्रा गळायचा, ते खाली बादली लावायचे. मी म्हणालो, “चाचा, पत्रा बदला की.” ते म्हणाले, “किस घर का बदलूं, प्लॉटवाले? मेरे का सरकार के?” मी बादली रिकामी करून परत लावली. हेही ग्रुपवर कुणी सांगू नये.

दुरुस्त नकाशा लागला त्या सकाळी पालिकेपुढं अर्धा मराठवाडा जमला होता. मी गर्दी फाडून चाचांना पुढं नेलं. लाल रेघ शाळेपासून सरळ आली, मशिदीच्या अलीकडं वाकली आणि पाणंदीला लागली. तरी चाचांना खात्री वाटेना.

“मेरा घर किधर हय?”

“जिथं हाय तिथंच, चाचा.”

त्यांनी पिवळ्या रंगावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मागचे लोक सरका सरका म्हणून ढकलत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी बोट काढलं आणि मला विचारलं, पत्र्याचं दुकान आज उघडं असेल का.