आधीच निवडलेली ओळ

माझी मावशी दूधवाल्यासमोरच दूध हुंगून घ्यायची. कुलूप तीनदा ओढून बघायची, चौथ्यांदा मला ओढायला लावायची. अशा बाईच्या हाती कारखान्याने हत्यारांच्या खोलीच्या किल्ल्या दिल्या आणि सव्वीस वर्षांत एक पाना हरवला नाही, हेही खरं.

वह्या जाऊन संगणक आला, तेव्हा शोधायचं पान मीच बनवलं. माझीही नोकरी तिथलीच. त्यात कामगाराचं नाव लिहायचं आणि यादी निवडायची: सगळी हत्यारं, परत आलेली, परत न आलेली.

"परत आलेल्यांचं मी काय लोणचं घालू?" मावशी म्हणाली. "पान उघडलं की 'परत न आलेली' आधीच निवडलेलं पाहिजे."

तिला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. दिलं करून.

मग काय, तिला जो तो चोर दिसायला लागला. म्हाताऱ्या फिटरचं नाव घातलं, तर अकरा ओळी आल्या, एकही वस्तू परत नाही. खरं तर ती रोजची हत्यारं परवानगीनेच त्याच्या पेटीत असायची. तो काही सांगायला गेला, तर तिने सगळ्यांदेखत त्याचं तोंड बंद केलं. तेव्हापासून त्याला एका वेळी एकच पाना, तोही सही घेऊन.

वर्षभराने नवे साहेब आले. त्यांनी मावशीचंच नाव घातलं. बासष्ट ओळी, एकही वस्तू परत नाही.

"चौकशी होईपर्यंत किल्ल्या इथे ठेवा."

मावशीने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी शेजारीच उभी होते. सांगायला लाज वाटते, पण माझंच पान विसरून क्षणभर मलाही तिचा संशय आला.

दारात सहीसाठी थांबलेला फिटर पुढे झाला. "साहेब, तिथे 'परत न आलेली' आधीच निवडलेलं असतं. 'सगळी' करून बघा."

चार हजारांवर ओळी आल्या. बासष्ट सोडून सगळ्या परत आलेल्या. त्या बासष्ट तिने दुरुस्तीला पाठवलेल्या, पावत्यांसकट. साहेबांनी किल्ल्या परत दिल्या.

बाहेर आल्यावर मावशीने फिटरला गाठलं. आवाजात अजून संशय होताच. "तुम्हाला हे कधीपासून माहीत?"

"माझ्या अकरा ओळी आल्या तेव्हापासून."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो होतो की, मावशी. तुम्ही म्हणालात, चोराच्या मनात चांदणं."