पूर्णेची वाळू

धर्मेंद्रचा फोन आला तेव्हा मोनाली अमरावतीतल्या आपल्या माशांच्या दुकानात काचा पुसत होती. "क्लाउनफिशची जोडी पायजे ताई. अकोल्यात जीवनभाऊच्या हॉटेलात समुद्राची टाकी लावून राहिलो." आवाजात लाजेचा लवलेश नाही! ज्यानं तिला अकोल्यातून उठवलं, तोच आता ताई-ताई करत होता. मोनाली फोन आपटणारच होती, पण हॉटेलाचं नाव कानावर पडलं आणि ती मधासारख्या आवाजात म्हणाली, "मी सोता आणून देईन."

तिचा गोड आवाज ऐकून शहाणा माणूस घाबरला असता. पण धर्मेंद्र तो धर्मेंद्रच!

पूर्वी दोघं भागीदार होते. याच हॉटेलात, याच काउंटरशेजारी त्यांनी पहिली समुद्री टाकी लावली होती. तळाला प्रवाळाची वाळू घालू, मोनाली घसा फोडून सांगत होती. ती हळूहळू विरघळते, पाणी आंबट होऊ देत नाही. धर्मेंद्र हसला. "आपला खारपाणपट्टा हाये ना! हिरीचं पानी खारं, पूर्णेची वाळूई खारी. समुद्राच्या माश्याले अजून काय पायजे?" अन् पूर्णेच्या पात्रातली पोतंभर वाळू आणून, दोन पाण्यांनी धुऊन ओतली की यानं टाकीत! विहीर खारट असली म्हणजे दर्यापूरला समुद्र येतो काय रे बाबा?

काळ्या मातीचा गाळ उठला, कल्ल्यांत बसला. मासे तोंडं वासून मेले. आणि हा गडी चारचौघांत मोनालीकडे बोट दाखवून मोकळा झाला, "इनं मीठ जास्त टाकलं." जीवनभाऊ समोरच उभे होते. त्यानंतर अकोल्यात तिला कुणी काम देईना. लग्नाच्या पंगतीत बायका कुजबुजायच्या, हिच्या हातचे मासे जगत नाहीत. तेव्हापासून अमरावतीत कुठल्याही टाकीत वाळू पसरताना ती ओठातल्या ओठात धर्मेंद्रला शिव्या घालायची. मनापासून.

माशांचा डबा घेऊन ती हॉटेलात शिरली. टाकी भरलेली, पाणी चहासारखं गढूळ, आणि तळाला तीच करडी वाळू!

"पुन्हा हेच?"

"मंग? वाळूचं काय चुकलं होतं तवा? मीठच जास्त झालं होतं ना," धर्मेंद्र सरळ तिच्या तोंडावर म्हणाला.

खोटं सांगता सांगता मेल्याला स्वतःलाच पटलं होतं! मोनालीला आधी हसू फुटलं, मग अंगाची लाही लाही झाली. तिनं डबा काउंटरवर ठेवला आणि झाकणावर हात दाबून धरला.

"मासे सोडत नाही. पयले वाळू काढ. हातानं."

जीवनभाऊंनी पाहुण्यांना टाकी बघायला बोलावलं होतं. ते सगळे जमलेले. माशांवाचून टाकी दाखवणार कशी? धर्मेंद्र इकडेतिकडे बघत खांद्यापर्यंत हात बुडवून बसला. ओंजळीमागून ओंजळ बादलीत पडू लागली, पाणी काळं झालं, नवा शर्ट चिखलानं माखला. मोनाली डोळे भरून बघत होती. हाच दिवस तिला हवा होता.

"आता सांग, तवाचे मासे काहून मेले?"

"वाळूनं," तो पुटपुटला.

"वाळू कोनं टाकली?"

"म्या."

"मोठ्यानं!"

"म्या टाकली! मोनालीची काई चूक नव्हती!"

मोनाली जीवनभाऊंकडे वळली. या माणसाच्या नजरेला नजर द्यायला लागू नये म्हणून तिनं अकोल्याचं नावच टाकलं होतं.

जीवनभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "कोनते मासे? इथं आंधीबी टाकी होती काय?" आणि पाहुण्यांना चहा सांगायला आत गेले.

मोनालीनं डबा उचलला.

"अन् मासे?" धर्मेंद्र चिखलाचा हात पुढे करून म्हणाला.

"मासे परत अमरावतीले चालले."

गाडी स्टँडवर लागलेलीच होती. डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. मूर्तिजापूर आलं तरी तिचं रडू थांबलं नव्हतं.