ब्रेकबाईचं घर

माझ्या आत्याला तिचे विद्यार्थी पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात. तिला ते माहीत आहे. ती गाडी चालवायला शिकवते, आणि शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की हिचा पाय पडलाच म्हणून समजा. तोंडाने मात्र शांतपणे चालू असतं, "आरसा बघ. घाई कुणाला आहे? मला तर नाही."

लग्न मोडून ती आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते. बाबांनी, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने, एक अक्षरही न विचारता तिला घरात घेतलं. त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क. पण तिच्या वाट्याला आली ती बाहेरची खोली. बाल्कनीत जायचं तर तिच्यातून, स्वयंपाकघरात जायचं तर तिच्यातून, आणि पाहुणे तर तिच्या पलंगावरच टेकायचे. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की आत्याने अंथरूण घालायचं आणि पहिला चहा व्हायच्या आत गुंडाळायचं. त्या खोलीवर टकटक करायचा प्रश्नच नव्हता. तिला दार नव्हतं, पडदा होता.

त्यामुळे पन्नाशीला आलेली आत्या एके दिवशी "मी घर घेतेय" म्हणाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बाबांनाही झाला. इतका झाला की त्यांनी ते घर निवडूनही टाकलं. आम्ही राहतो त्या नव्या वसाहतीत, आमच्या बरोब्बर खालचा फ्लॅट विकायला होता. रुंद रस्ते, झाडं, गेटवर पहारेकरी, आणि शांतता अशी की वरच्या मजल्यावर कुणी पान उलटलं तरी चौकशी व्हावी. आत्याला मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाचं घर आवडलं होतं, गोदामांच्या मागचं. खाली टायरवाल्याचं दुकान, शेजारी गॅरेज, आणि खिडकीतून दिसतं ते मैदान जिथे ती लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवते.

"तिथे माणसं राहतात का?" बाबा म्हणाले. "ट्रक राहतात ट्रक!"

आत्या गप्प बसली. बाबांनी तो होकार धरला. इतकी वर्षं ती ज्या घरात राहिली, त्या घरात तिच्या गप्प बसण्याचा दुसरा अर्थ कुणी कधी लावलाच नव्हता.

खालचा फ्लॅट बघायला आम्ही तिघं गेलो. बाबा या खोलीतून त्या खोलीत नुसते बागडत होते. मग मधल्या खोलीत थांबून त्यांनी छताकडे बोट केलं. "इथून वर जिना काढू. आतल्या आत. तुला बाहेरून वर यायला नको की आम्हाला बाहेरून खाली यायला नको, एकच घर!"

"मग माझा पुढचा दरवाजा?" आत्याने विचारलं.

"तो बंदच ठेवायचा. एकट्या बाईला तेवढंच बरं."

माझं डोकंच फिरलं. हे म्हणजे बाहेरची खोली एक मजला खाली सरकवण्यातला प्रकार. मी तोंड उघडणार तोच आत्याने माझ्या दंडाला हात लावला. स्वतः मात्र छताकडे बघत राहिली.

खालच्या फ्लॅटचा बयाणा द्यायच्या दिवशी बाबांची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून आत्याच्या शिकवायच्या गाडीतून बँकेत जाऊन पैसे काढले आणि परत निघालो. चाक अर्थात बाबांच्या हातात. जिने अर्ध्या शहराला गाडी शिकवली ती शेजारी बसली आणि हे तिलाच सांगू लागले, "इथे खड्डा आहे बरं का." मी मागे.

मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला. सरळ गेलं की आमची वसाहत, डावीकडे गोदामं. बाबांनी गाडी थोडी पुढे काढली आणि गाडी थांबली. ते ॲक्सिलरेटर दाबताहेत, इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलेना. मागून हॉर्नचा नुसता कल्ला.

"तुझी गाडी बिघडली!"

"ठणठणीत आहे," आत्या म्हणाली. मी वाकून पाहिलं. तिचे दोन्ही पाय खाली घट्ट रोवलेले होते.

"अगं पाय काढ! लोक शिव्या देताहेत."

"देऊ देत. दादा, आरसा बघ. डावा इंडिकेटर दे."

"डावीकडे काय आहे?"

"माझं घर."

"वेड लागलंय का तुला? उद्या तुला काही झालं तर तिथे कोण आहे?"

"टायरवाला आहे, गॅरेजवाले आहेत. आणि फोन केला तर तूही येशील. येशील ना?"

"म्हणजे काय! पण भाऊ असताना बहीण गोदामात राहते, लोक काय म्हणतील?"

"त्यांना माझ्याकडे पाठव, मी सांगते. दादा, तू मला घरात घेतलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याची फेड म्हणून मी जन्मभर पडद्याआड राहणार नाही. इंडिकेटर."

एव्हाना सिग्नल पुन्हा लाल झाला होता. एक ट्रकवाला खाली उतरून काचेवर थापा मारू लागला. बाबांच्या कपाळावर घाम. पुन्हा हिरवा झाला तेव्हा त्यांनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, आणि आत्याने पाय उचलले. गाडी डावीकडे वळली. मागे बसून मी टाळ्याच वाजवणार होते, पण बाबांचा चेहरा बघून हात मांडीखाली घातले.

आत्याने ते घर घेतलं. ट्रक गेला की तिच्या मांडणीतली भांडी वाजतात. मी एकदा कानांवर हात ठेवले तर म्हणाली, "तुमच्याकडे रिमोटवरून भांडणं व्हायची, तेव्हा मी कान झाकले होते का?"

बाबा तिकडे फिरकले नाहीत. घुश्श्यात होते. पण हत्ती गेला तरी शेपूट हवंच होतं. आईकरवी निरोप धाडला, "जादाची एक किल्ली आमच्याकडे राहू दे, वेळप्रसंगाला."

आत्याने उलट निरोप पाठवला, "किल्ली नाही. बेल आहे."

बाबा दोन दिवस भाजीला नावं ठेवत जेवले. मग एका रविवारी स्वतःहून शर्ट बदलला आणि मला म्हणाले, "चल." टायरच्या दुकानाशेजारचा जिना चढून आम्ही वर गेलो. बाबांनी सवयीने दारावर हात ठेवून ढकललं. दार बंद होतं. मग त्यांनी बेल दाबली.

आतून सपाता वाजल्या. दाराशी येऊन थांबल्या.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

आवाज तिने ओळखला होता, यात मला तिळमात्र शंका नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. त्यांनी घसा साफ केला.

"तुझा दादा," ते म्हणाले. "आत येऊ का?"

मग कडी निघाली.