करंटच्या बाई

विजेला घाबरणारी माणसं कोल्हापुरात घरोघरी सापडतील. पण जिला पाहून वीजच जरा सावरून बसत असेल अशी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे ब्युटी पार्लरच्या कोर्सला आम्हाला वीज आणि प्रकाश हा विषय शिकवणाऱ्या बाई. त्यांना स्वतःचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण राजारामपुरीतल्या त्या क्लासमध्ये मुलींपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना करंटच्या बाईच म्हणत, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. जन्मभर एका हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, घरी बसून चार दिवसांत कंटाळल्या, आणि क्लासवाल्या मॅडमना विजेचा धडा शिकवायला कुणी मिळत नव्हतं म्हणून तिथं आल्या. गंमत अशी, की आम्हाला फेशियलची मशीनं शिकवणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या चेहऱ्याला खोबरेल तेल आणि अंगाचा साबण यापलीकडे काही लागलं नव्हतं. भुवया देवानं दिल्या तशाच होत्या, दाट आणि थोड्या रागीट. एका मुलीनं धीर करून "बाई, थ्रेडिंग करून देऊ का?" असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कशाला? भुवयांनी मी वर्ग गप्प करते. त्या काढल्यास तर बोलायला लागंल."

त्यांच्या पर्समध्ये रुमाल, बडीशेपेची डबी आणि टेस्टर या तीन वस्तू कायम असत, आणि पहिल्या दोन एखाद्या वेळी घरी राहिल्या तरी तिसरी राहत नसे. कुठंही गेलं की आधी टेस्टर बाहेर. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या लग्नाला आम्ही सगळ्या गेलो होतो. पंगत बसली, ताटं वाढली, आणि बाई मात्र हॉलभर फिरून प्रत्येक कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावत होत्या. वाढपी कावला. "बाई, जेवा की आता, रस्सा गार व्हाय लागलाय!" बाई वळल्यासुद्धा नाहीत. "जेवते की. तुझा कूलर जेवू देतोय का बघते आधी." गणपतीत मंडळांची रोषणाई बघायला सगळं गाव वर मान करून चालतं, बाई खाली बघून चालत, कारण त्यांना वायरींचे सांधे बघायचे असत. एका मंडळाच्या अध्यक्षाला त्यांनी भर रस्त्यात उभं करून उघड्या सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळायला लावली होती, आणि तो बिचारा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाल्यामुळे नववीतल्यासारखा मान खाली घालून गुंडाळत बसला होता.

शिकवणं तर विचारूच नका. आम्ही कागल, आजरा, शिरोळकडून एसटीनं येणाऱ्या मुली, डोक्यात नवरीचा मेकअप आणि केसांच्या स्टायली. पहिल्याच दिवशी बाईंनी टेबलावर मिठाच्या पाण्याची वाटी, एक चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी ठेवल्या. वायरींची टोकं पाण्यात बुडवली, तसे बारीक बुडबुडे यायला लागले. "दिसतंय? एका वायरीनं जाती, दुसरीनं माघारी येती, आणि मधल्या पाण्यात उलथापालथ करती. गिऱ्हाईकाच्या गालावर ह्येच व्हतंय. तिथं मीठ घामाचं असतंय, एवढंच." गॅल्व्हॅनिक मशीनचं हे असं मूळ त्यांनी दोन मिनिटांत आमच्या डोक्यात बसवलं. मग जांभळा उजेड पडणारी काचेची नळी आली. तिचा तडतड आवाज आणि तो पावसाआधीच्या हवेसारखा वास घेऊन आम्ही सगळ्या भिंतीला चिकटलो. बाईंनी ती आधी स्वतःच्या दंडावर फिरवली. मशीन चालू असताना त्या घड्याळ बघत नसत, तर मनाशी कन्नडमध्ये आकडे मोजत, कारण माहेर सीमेवरचं, घरची भाषा कन्नड, आणि महत्त्वाचं मोजायचं ते त्याच भाषेत, असा त्यांचा नियम होता. उजेडाच्या दिव्यांबद्दल त्यांचं सांगणं असंच कोरडं होतं. निळा उजेड वरच्यावर राहतो, मुरमांच्या जंतूंवर काम करतो. लाल जरा खोल जातो, सुजलेली कातडी शांत करतो. दोन्हीला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि डोळे झाकल्याशिवाय दोन्ही लावायचे नाहीत. "उजेड हाय त्यो, अंगारा न्हाय. एका बसणीत गोरं करतो म्हणणारा कोण भेटला, तर माझ्याकडं पाठवा."

त्यानंतर प्रश्न. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मशीनला हात लावायच्या आधी विचारायचे: छातीत पेसमेकरचं मशीन आहे का, हाडात पट्टी बसवलीय का, दिवस गेलेत का, फिट येते का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. हे आम्ही पाढ्यांसारखे म्हणायचो. आणि अंगावरचा धातू उतरवायचा. सरावाला आलेल्या एका काकूंनी मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला. बाईंनी त्यांच्यापुढं प्लास्टिकची डबी धरली. "काढा. नवरा धा मिनिटं डबीत बसला म्हणून काय वाळत न्हाय." काकू इतक्या हसल्या की त्यांनी मंगळसूत्राबरोबर जोडवीही काढून दिली.

कोर्स संपला, लग्न झालं, आणि कागलात मी स्वतःचं पार्लर काढलं. नवरा पंचतारांकित एमआयडीसीत फिटर. त्यानं सुट्ट्या टाकून रंग दिला, आरसे लावले. मी ऑनलाइन एक मशीन मागवलं, तीन कामं एकात, वर दिव्यांचा मुखवटा. उद्घाटनाला गल्लीतल्या बायका, सासरची माणसं, नगरसेवकांच्या सौभाग्यवती, आणि अर्थात बाईंना बोलावलं. बाई आल्या. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, आणि फीत कापायच्या आधीच मशीनकडे गेल्या. नगरसेविणीच्या हातात कात्री होती, फोटोवाला तयार होता. बाईंनी मशीनच्या पत्र्याला टेस्टर टेकवला आणि टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला भिंतीतलं सॉकेट उघडायला लावलं. आत दोनच वायरी होत्या. तिसरी, जमिनीत जाणारी, वायरमननं ओढलीच नव्हती.

"अर्थिंग कुठं हाय?"

मी म्हटलं, "बाई, उद्या बघू."

"उद्या बघू तर उद्या उघडू." आणि त्यांनी सगळ्या बायकांकडे तोंड करून शाळेतल्या आवाजात सांगितलं, "आज मशीन बंद. ह्याला हात लावणारीला झटका बसंल. पेढे खावा आणि घरी जावा."

बायका पेढे खाऊन घरी गेल्या. नगरसेवीण कात्री टेबलावर ठेवून गेली. मी आतल्या खोलीत जाऊन रडले, आणि बाई मला शोधत आल्या तेव्हा तोंड फिरवून बसले. त्यांनी थोडा वेळ दारात उभं राहून "येते ग" म्हटलं आणि त्या एसटी स्टँडकडे चालत गेल्या. वाईट याचं वाटलं, की नवरा त्यांच्या बाजूनं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मागच्या अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, तांब्याची पट्टी पुरली, मशीन परत पाठवून चांगलं आणवलं, आणि वर मला म्हणाला, "बाई बोलल्या ते बरोबरच हाय की." पार्लर आठवड्यानं उघडलं, फीत न कापता. गावात मात्र महिनाभर 'झटक्याचं पार्लर' हेच नाव चाललं. मी बाईंना फोन केला नाही. त्यांचा दिवाळीला आला, तो उचलला नाही.

त्या थंडीत एक मुलगी आली. लग्न तीन आठवड्यांवर, गालांवर मुरमं, सोबत होणारी नणंद. नणंदेला बाहेर मासिक देऊन बसवलं, मुलीला खुर्चीत घेतलं, मंगळसूत्र अजून नव्हतंच, बांगड्या डबीत टाकल्या, आणि तोंड आपोआप प्रश्न म्हणायला लागलं. फिट येते का, या प्रश्नाला तिनं दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ताई, येते. लहानपणापास्नं. गोळी चालू हाय, दोन वर्षांत आली न्हाय. तिकडं कुणाला सांगितलेलं न्हाय. सांगू नका की."

मुखवटा माझ्या हातात होता आणि त्यातला निळा दिवा लुकलुकत होता. मी तो बंद केला. आत जाऊन मी बाईंना फोन लावला, इतक्या महिन्यांनी, आणि नमस्कारही न करता सगळं सांगितलं.

"लुकलुकणारा उजेड तिच्या डोळ्यांपुढं न्यायचा न्हाय," बाई म्हणाल्या, जणू आम्ही काल संध्याकाळीच बोललो होतो. "मशीन कुठलंच नको. मुरमांना कातडीच्या डॉक्टरकडं पाठव, आणि फिटची गोळी चालू हाय हे त्याला सांगाय सांग. तू हातानं काय ते कर. आणि ऐक, लपवायसारखं त्यात काय न्हाय म्हणावं. पण सांगायचं तिनं, तू न्हाय."

मी तसंच केलं. मुलगी बराच वेळ टॉवेलचं टोक पिळत बसली, मग तिनं तिथूनच होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. ती अडखळत बोलली, मग थांबली, मग एकदम रडायलाच लागली. फोन ठेवून ती म्हणाली, "ताई, त्यास्नी म्हाईत हाय. माझ्या मामानं लग्नाच्या बैठकीआधीच सांगितलेलं. म्हणाले, गोळी चुकवू नको म्हणजे झालं." लग्नात तिच्या गालांवर दोन-तीन मुरमं होती, आणि फोटोत ती हसताना कुणाच्या लक्षातही आली नसतील.

ती मुलगी आली त्याच संध्याकाळी मी बाईंना पुन्हा फोन केला आणि आधी माफी मागितली. "कसली?" त्यांनी विचारलं. "तू फोन करत न्हाईस म्हणून मी समजले, दुकान जोरात चाललंय." खरंच तसं समजल्या होत्या की मला लाजेतून सोडवलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

आता त्या आजऱ्याला लेकीकडे राहायला गेल्यात. गुडघे बोलायला लागले, जिने होईनात. जायच्या आधी एक दिवस कागलला उतरल्या, आणि मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. नको नको म्हणाल्या, मग चष्मा काढून माझ्या हातात दिला. मशीन लावलं नाही. तेलानं, दुधाच्या सायीनं, नुसत्या बोटांनी अर्धा तास चेहरा चोळला. कपाळावरची घडी सैल झाली, श्वास लांब झाला, आणि सगळ्या वर्गाला गप्प करणारी ती बाई लहान मुलीसारखी मान टाकून बसली. भुवयांना मी हात लावला नाही. पुसून झाल्यावर आरसा दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा मागितला, घातला, आणि पुन्हा बघितलं.

"अव्वा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना काही हवंय. पण त्या आरशाशीच बोलत होत्या. "आमची अव्वा अशीच दिसायची ग. आई. शेवटी शेवटी. मला कवा कळलंच न्हाय, मी तिच्यावर गेले ते."

बाहेर एक गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. मी तिला खुणेनंच बस म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले. परत आले तरी बाई तशाच बसल्या होत्या, आरसा मांडीवर धरून.