चाळीस सेकंद

गणिताची मला कधीच भीती नव्हती, भीती होती घड्याळाची. मी करकंब गावची, शेतकऱ्याच्या घरातली आणि हट्टी. गणित अडलं की मला राग येतो आणि राग आला की उत्तर निघेपर्यंत मी जागची हलत नाही. शाळेत याचं कौतुक व्हायचं. बँकेच्या परीक्षेत याच गुणानं माझा बट्ट्याबोळ केला. पहिल्या खेपेला दोन नळ आणि एका टाकीपायी मी सहा मिनिटं घालवली. टाकी भरली, पण मागची अकरा गणितं कोरी राहिली.

गाव सोडून आम्ही शहरात आलो होतो, वडील तेव्हा चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. निकाल ऐकून ते एवढंच म्हणाले, "औंदा बघू. न्हाय झालं तर पुस्तकं बांधायची आन् गावाकडं जायचं." ओरडले असते तर मी भांडले असते. ते हळू बोलले, म्हणूनच ते शब्द माझ्या डोक्यात बसले. ते पुढं वर्षभर तिथंच होते.

शुक्रवार पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. घाईत असली की ती पाढे तेलुगूत पुटपुटायची आणि माझ्या दुप्पट वेगानं गणितं उडवायची. माझ्या हट्टावर औषध तिनंच काढलं. एकीनं गणित करायचं, दुसरीनं मोबाइलवर चाळीस सेकंद लावायचे. चाळीस झाले की घड्याळवालीनं म्हणायचं, "पुढं." मग उत्तर अगदी हाताशी आलेलं असलं तरी ते गणित तिथंच टाकायचं. पहिले आठ दिवस मी तिच्याशी कचाकचा भांडले, एकदा पेनही फेकला. तिनं पेन उचलून आणला आणि परत चाळीस लावले. पाळी बदलली की मी तिला म्हणायची, "पुढं." सहा महिन्यांत दोघींचे हात असे तयार झाले की शब्द कानावर पडला की बोटं आपली आपण थांबायची.

पूर्वपरीक्षेला केंद्र एकच आलं, वेळही एकच. ती माझ्या मागच्या रांगेत बसली होती. सगळ्या हॉलमध्ये नुसता माउसचा आवाज. बाराव्या गणिताला नाव आणि प्रवाह आला आणि मी अडकले. वडिलांचा तो हळू आवाज आठवला आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. सेकंद पळत होते, मला दिसत होते, तरी ते गणित काही टाकवेना. इथं मला कोण सांगणार होतं? शेवटी मीच म्हणाले, चांगलं मोठ्यानं, "पुढं."

पर्यवेक्षक बाई तरातरा आल्या. कुणाला खुणावलंस, म्हणून विचारू लागल्या. मी म्हटलं, स्वतःलाच. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी माझा बैठक क्रमांक एका कागदावर लिहून घेतला. उरलेली गणितं मी कशी केली, देव जाणे.

परतताना बसमध्ये मी तिचं डोकं खाल्लं. माझा पेपर रद्द करतील का, घरी पत्र येईल का, वडिलांना काय सांगू? ती खिडकीबाहेर बघत म्हणत होती, काही होत नाही गं. तिला पेपर कसा गेला, हे मी विचारलंसुद्धा नाही. निकाल लागेपर्यंत पोस्टमन आला होता का, हे मी घरी रोज विचारायची.

पत्र काही आलं नाही. निकाल आला, अभ्यासिकेतच बघितला. मी पास होते, आता मुख्य परीक्षा. मी रडले, हसले, वडिलांना फोन केला. मग तिनं आपला मोबाइल माझ्यासमोर ठेवला. तिचं पाऊण गुणानं, म्हणजे एका गणितानं, गेलं होतं. हे शक्यच नव्हतं. मी चिडूनच विचारलं, की तू अडलीस तरी कुठं?

ती म्हणाली, "व्याजाचं एक होतं. शेवटची बेरीज राहिली होती. तेवढ्यात तुझा आवाज आला. हात थांबला आणि मी पुढं गेले."

"मग परत फिरायचंस की."

"फिरले. तोवर वेळ संपला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली. तुझी मुख्य परीक्षा जवळ आली म्हणाली, शेजारी बसली आणि मोबाइलवर चाळीस लावले. मी गणितात मान घातली. उत्तर लवकर निघालं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मोबाइल दिसत होता. चाळीस झाले. पन्नास झाले. ती "पुढं" म्हणाली नाही. मान वर करायची माझी हिंमत होईना, आणि मी कागदावर तेच उत्तर पुन्हा पुन्हा गिरवत बसले.