कूलरमधली सोयरीक

मोताळ्याच्या संघपालच्या घरी मोहोळं काढायचा धंदा आजोबांपासूनचा. आजोबा धूर करून नुसता मध काढायचे. बाप पंजाबराव मोहोळ जिवंत उतरवून पेटीत वसवायला शिकले, आणि संघपाल त्या पेट्या परागीकरणासाठी कांद्याच्या बियाण्याच्या शेतांत नेऊन ठेवायचा. धंदा छान चालला होता, फक्त लग्न जमत नव्हतं. ‘माशा’ म्हटलं की पोरीच्या बापाला जावयाऐवजी सुजलेलं तोंडच दिसायचं.

म्हणून संग्रामपूरला उत्तमरावांची धम्मशीला पाहायला निघताना आई बनाबाईने बापलेकांना तंबी दिली. माशांचं नाव काढायचं नाही, शेतीपूरक उद्योग आहे एवढंच सांगायचं.

जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. काय करता, असं उत्तमरावांनी विचारलं. संघपालने पाठ केलेलं सांगितलं. कसला उद्योग, असा पुढचा प्रश्न आला तेव्हा पंजाबराव बोलून गेले, “उडता.” बनाबाईने त्यांना चिमटा काढला.

संघपालचं लक्ष मात्र पोह्यांत नव्हतं. बसल्यापासून त्याला ओळखीची गुणगुण ऐकू येत होती. खिडकीतला कूलर हिवाळाभर बंद होता आणि आत सातेरी जातीच्या मधमाशांनी संसार थाटला होता. त्याने बापाकडे पाहिलं. बापालाही कळलं होतं. दोघांनी बनाबाईकडे पाहिलं, तिने डोळे वटारले, आणि दोघं मुकाट्याने पोहे चावू लागले.

तेवढ्यात, पाहुण्यांना उकडत असेल, म्हणून उत्तमराव बटणाकडे गेले.

“राहू द्या,” संघपाल घाईने म्हणाला, “मले गरमी आवडते.”

पोरगा भिडस्त दिसतो, असं मनाशी म्हणत उत्तमरावांनी बटण दाबलं.

वाऱ्यासोबत माशा आल्या. पोरीचे मामा उकंडराव सतरंजी गुंडाळून दिवाणाखाली गेले. बनाबाईने पदर तोंडावर ओढला. उत्तमरावांच्या दोन्ही पापण्यांना डंख बसले आणि पंजाबरावांच्या वरच्या ओठाला. संघपालने आधी कूलर बंद केला. सकाळपासून हात कुठे ठेवावे हेच त्याला सुचत नव्हतं, आता हातांना काम मिळालं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन धम्मशीला उभी होती. ती पळाली नव्हती.

“यातली राणी कोणती?” तिने विचारलं.

“दाखवतो. चहा ठेवा अन् एक गोवरी पेटवून आणा.”

“तुमचा उद्योग हाच का?”

“हाव.”

“मंग लपवला काऊन?”

संघपालने पदराआडच्या आईकडे बोट केलं.

धम्मशीलाने हळूहळू धूर दिला. संघपालने कूलरच्या गवताच्या ताटीला चिकटलेली मोहोळाची पोळी कापून सफरचंदाच्या खोक्यात बसवली, राणी सापडल्यावर तीही आत सोडली. मग बाकीच्या माशा आत जाईपर्यंत सगळे अंगणात बसले. कशाला आलो होतो, हे जवळपास सगळेच विसरले होते.

आठवलं ते उत्तमरावांना. त्यांचे डोळे आता पुरते मिटले होते.

“पोरगा मले दिसूनच नाही राह्यला,” ते म्हणाले. “कसा आहे वं?”

“बरा आहे,” धम्मशीला म्हणाली. “हात कापत नाही त्याचा.”

इकडूनही काहीतरी बोलायला हवं म्हणून पंजाबरावांनी घसा साफ केला. पोरगी पसंत हाये, असं त्यांना सांगायचं होतं. पण त्या ओठातून निघालं, “होरगी हसत हाये.”

“हसू द्या तिले,” उत्तमराव म्हणाले.

आणि ती खरोखरच हसत होती. तिच्यापाठोपाठ संघपालही हसला. दिवाणाखालून परतलेल्या उकंडरावांना सोयरीक जुळली एवढंच कळलं, आणि त्यांनी थंड झालेला चहा सगळ्यांना वाटला.

लग्न उन्हाळ्यातच झालं. आता धंद्याचा फोन धम्मशीलाकडे असतो. परवा वडनेर भोलजीहून पाण्याच्या टाकीवरच्या मोहोळासाठी बोलावणं आलं, तेव्हा शिडीवर तीच चढली. संघपाल खाली शिडी धरून उभा राहिला आणि, सावकाश, म्हणत राहिला. शेवटी तिने वरून विचारलं की माशांशी बोलताय का माझ्याशी. दोघींशी, असं तो म्हणाला.